दीर्घिकेचा रेडशिफ्ट मोजायला शिकताना: नाशिककर नवशिक्यांसाठी

दुर्बिणीतून पहिल्यांदा दीर्घिका पाहिलेला माणूस बहुतेक वेळा हिरमुसतो. पुसट, धुकट ठिपका. ना रंग, ना भुजा. पण त्याच ठिपक्याचा प्रकाश वर्णपटात पसरवला, की ती दीर्घिका किती दूर आहे याचा अंदाज बांधता येतो. गेली काही वर्षं मी नाशिकच्या आसपास मुलांना आणि हौशी मंडळींना हे शिकवतो आहे. ज्यांनी वर्णपट कधीच हाताळलेला नाही त्यांनी कुठून सुरुवात करायची, ते इथे लिहितो.

मोजायचं काय असतं

हायड्रोजन, ऑक्सिजन, कॅल्शियम ही मूलद्रव्यं ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश सोडतात किंवा गिळतात. प्रयोगशाळेत हायड्रोजनची एच-अल्फा रेषा ६५६२.८ अँगस्ट्रॉमवर दिसते (१ अँगस्ट्रॉम म्हणजे मिलीमीटरचा एक कोटीवा भाग). दीर्घिकेचा प्रकाश वाटेत असताना अवकाश ताणलं जातं, त्यासोबत तरंगलांबीही ताणली जाते आणि रेषा लाल बाजूला सरकते. आपल्याला दिसलेल्या तरंगलांबीला मूळ तरंगलांबीनं भागा, त्यातून १ वजा करा. उरला तो रेडशिफ्ट, म्हणजे मराठी पुस्तकांतली ताम्रसृती. सूत्रांत तो झेड या अक्षरानं लिहितात. झेड लहान असेल, समजा ०.०५ च्या आत, तर त्याला प्रकाशाच्या वेगानं, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किमीनं, गुणलं की दूर जाण्याचा वेग मिळतो.

सरकण्याच्या बाबतीत सगळ्या रेषा एकाच गुणोत्तरानं वागतात, ही गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. एका रेषेची तरंगलांबी १.०५ पट झाली असेल तर त्याच दीर्घिकेच्या बाकीच्या रेषांचीही १.०५ पटच झालेली असते. पुढची सगळी तपासणी याच आधारावर चालते.

वहीच्या पहिल्या पानावर या रेषा लिहून ठेवा. उत्सर्जनाच्या: ऑक्सिजन-२ ची (एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची) जोडी ३७२६ आणि ३७२९, एच-बीटा ४८६१.३, ऑक्सिजन-३ ची (दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्याची) जोडी ४९५८.९ आणि ५००६.८, एच-अल्फा ६५६२.८, तिच्या शेजारी नायट्रोजन ६५८३.४, मग सल्फरची जोडी ६७१६ आणि ६७३१. शोषणाच्या: कॅल्शियमच्या के आणि एच अनुक्रमे ३९३३.७ आणि ३९६८.५ वर, जी-पट्टा ४३०४, मॅग्नेशियम ५१७५, सोडियम ५८९३. तारे घडवणाऱ्या दीर्घिकांत पहिला गट ठळक दिसतो. म्हाताऱ्या ताऱ्यांच्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांत दुसरा दिसतो, आणि ४००० अँगस्ट्रॉमच्या निळ्या बाजूला प्रकाश एकदम खाली पडलेला असतो.

पावसाळ्यात घरी बसून

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे आकाश मिळत नाही. इगतपुरी-त्र्यंबककडे भाताची आवणी चालू असते तेव्हा दुर्बीण झाकून ठेवायची आणि संगणकावर हात बसवायचा. मी तर सगळ्यांना इथूनच सुरुवात करायला लावतो, दुर्बीण असो वा नसो.

स्लोन डिजिटल स्काय सर्व्हेचे लाखो वर्णपट फुकट उतरवून घेता येतात. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोतल्या २.५ मीटरच्या दुर्बिणीनं ते घेतले आहेत. एखाद्या दीर्घिकेची फिट्स फाइल (खगोलशास्त्रातला नेहमीचा फाइल-प्रकार) उतरवा आणि पायथन या संगणकभाषेतल्या ॲस्ट्रोपाय या फुकट संचानं उघडा. 'लॉगलॅम' नावाच्या रकान्यात तरंगलांबीचा दशमान लॉगरिदम असतो, म्हणजे १० चा तितका घात काढला की अँगस्ट्रॉम मिळतात. त्यासमोर प्रकाशाचं प्रमाण मांडून आलेख काढा. सर्व्हेनं काढलेला रेडशिफ्ट तिथेच लिहिलेला असतो, पण तो आधी बघू नका. स्वतः रेषा ओळखा, भागाकार करा, आकडा वहीत लिहा आणि मगच पडताळा. पहिल्या १० दीर्घिका ठळक रेषांच्या घ्या, पुढच्या १० फक्त शोषणरेषांच्या.

इथे एक खाचखळगा आहे. स्लोनच्या तरंगलांबी निर्वातातल्या असतात, आणि वर दिलेली यादी हवेतली आहे. निर्वातात एच-अल्फा ६५६४.६ वर येते. दोन्हींची सरमिसळ केली तर सेकंदाला सुमारे ८० किमीची चूक सगळ्या रेषांत सारखीच शिरते. रेषा आपापसांत छान जुळतात, त्यामुळे शंकाही येत नाही. मोजणी करण्याआधी दोन्ही बाजू हवेतल्या किंवा दोन्ही निर्वातातल्या करून घ्या.

आता या कामातला सगळ्यात कठीण प्रसंग. अंधुक दीर्घिकेच्या वर्णपटात अनेकदा एकच रेषा वर डोकावते. समजा ती ७४५४ अँगस्ट्रॉमवर आहे. एच-अल्फा मानली तर रेडशिफ्ट ०.१३६. ऑक्सिजन-३ ची ५००६.८ मानली तर ०.४८९. ऑक्सिजन-२ मानली तर बरोबर १. रेषा एकच, उत्तरं तीन, आणि पहिल्या-शेवटच्या उत्तरांत अब्जावधी प्रकाशवर्षांचा फरक. सॉफ्टवेअरला विचाराल तर ते यातलं एक उत्तर निवडून देईल, तेही चार दशांश स्थळांपर्यंत.

मग प्रत्येक उत्तर धरून पुढे विचारायचं: हे खरं असेल तर आणखी काय दिसायला हवं? एच-अल्फा असेल तर ७४७७ वर नायट्रोजन हवा, ५५२२ च्या आसपास एच-बीटा आणि ५६८७ वर ऑक्सिजन-३ हवा. ऑक्सिजन-३ असेल तर ७३८३ वर तिची जोडीदार हवी, आणि तिची उंची मोठीच्या साधारण एक तृतीयांशच हवी. हे प्रमाण अणूच्या रचनेतून ठरलेलं आहे, दीर्घिका बदलली म्हणून ते बदलत नाही. ऑक्सिजन-२ असेल तर रेषा एकेरी नसून जवळजवळ चिकटलेली जोडी असते. रेडशिफ्ट १ ला त्या दोघींतलं अंतर साडेपाच अँगस्ट्रॉमच्या पुढे जातं, तेव्हा चांगल्या विभेदनाच्या, म्हणजे जवळच्या रेषा वेगळ्या दाखवणाऱ्या, वर्णपटात शिखर दुभंगलेलं किंवा निदान रुंदावलेलं दिसतं. अपेक्षित जागी काहीच नसेल तर तेही उत्तरच आहे, फक्त तिथला गोंगाट इतका नको की रेषा असूनही बुडून जाईल.

माझ्याकडे शिकणाऱ्यांना मी एक नियम घातला आहे: दोन रेषा जुळल्याशिवाय वहीत रेडशिफ्ट लिहायचा नाही. एकच रेषा असेल तर आकड्यापुढे प्रश्नचिन्ह. व्यावसायिक सर्वेक्षणांतही रेडशिफ्टच्या शेजारी खात्रीची प्रत लिहितात, ती याचसाठी.

अंधुक वस्तूंचा स्पेक्ट्रोग्राफ

नाशिकहून पुण्याला जाताना संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव लागतं. त्याच पट्ट्यात रस्त्यापासून आत, गिरवलीच्या डोंगरावर आयुका या पुण्यातल्या खगोलसंशोधन संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण आहे, २००६ मध्ये सुरू झालेली. तिच्यावरच्या उपकरणाचं नाव आयफॉस्क. लडाखमधल्या हानलेला, सुमारे ४५०० मीटर उंचीवर, हिमालयन चंद्रा टेलिस्कोपवर त्याच घराण्यातला एचफॉस्क आहे. नावातल्या 'एफओएस' या तीन अक्षरांचा अर्थच अंधुक वस्तूंचा स्पेक्ट्रोग्राफ, म्हणजे वर्णपट टिपणारं उपकरण.

याची रचना समजली की अर्धं काम समजलं. दुर्बिणीचा प्रकाश आधी भिंगांनी समांतर केला जातो आणि मग कॅमेऱ्याच्या भिंगांनी सीसीडीवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, गोळा केला जातो. मधल्या समांतर पट्ट्यात चाकं फिरतात. चाकात फिल्टर आणला तर साधं छायाचित्र मिळतं. तिथेच ग्रिझम, म्हणजे जाळी कोरलेला लोलक, आणला तर वर्णपट मिळतो. त्यामुळे आधी त्या भागाचं छायाचित्र घ्यायचं, दीर्घिका सीसीडीच्या कुठल्या पिक्सेलवर आहे ते बघायचं, दुर्बीण तेवढी सरकवून ती फटीवर, म्हणजे फक्त तिचाच प्रकाश आत सोडणाऱ्या अरुंद चिरेवर, आणायची, फट लावून पुन्हा छायाचित्र घेऊन खात्री करायची आणि शेवटी ग्रिझम आत ढकलायचा. डोळ्यांना कधीच न दिसणारी वस्तू दोन कोनीय सेकंदांच्या (अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक कोनीय सेकंद) फटीत बसवायची हीच रीत आहे.

विभेदन इथे मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. प्रकाश फार पसरवला तर प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला काहीच येत नाही. रेडशिफ्टसाठी हजाराच्या आसपासचं विभेदन पुरतं.

या दुर्बिणींचा वेळ प्रस्ताव लिहून मागावा लागतो, आणि विद्यार्थ्यांनी आपल्या मार्गदर्शक प्राध्यापकांमार्फत प्रयत्न करावा. निदान २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या सुमाराला, पुण्यात आयुका आणि खोडदला जीएमआरटी लोकांसाठी खुले असतात तेव्हा जाऊन या. जीएमआरटी रेडिओ दुर्बीण आहे. तिथे हायड्रोजनची १४२० मेगाहर्ट्झची रेषा किती खाली सरकली यावरून रेडशिफ्ट निघतो. गणित तेच.

आपल्या आकाशाखाली

घरच्या ८ किंवा १० इंची दुर्बिणीवरही खरा रेडशिफ्ट मिळतो. माझी पहिली शिफारस ३सी २७३. हा कन्या राशीतला क्वेसार, म्हणजे दूरच्या दीर्घिकेचा अतितेजस्वी गाभा, १२.९ प्रतीचा आहे (प्रतीचा आकडा जितका मोठा तितकी वस्तू अंधुक), ताऱ्यासारखा बिंदू दिसतो. त्यामुळे फट नसलेली, फिल्टरसारखी स्क्रूनं बसणारी, मिलीमीटरला १०० रेषांची जाळीही चालते. पसरट दीर्घिकेला मात्र फट लागतेच, नाहीतर दीर्घिकेची रुंदी वर्णपटात मिसळून रेषा पुसल्या जातात.

वेळ द्राक्षबागांच्या पंचांगात बसते. माल उतरून एप्रिलच्या खरड छाटणीची तयारी सुरू होते, त्या दिवसांत कन्या रास मध्यरात्री माथ्यावर असते. एप्रिलच्या सुरुवातीला ३सी २७३ रात्री साडेबाराच्या सुमाराला नाशिकहून ७२ अंश उंचीवर येतो. आम्ही त्र्यंबकच्या पुढे हरसूलच्या बाजूला किंवा पेठ रस्त्यानं जातो. तिथून शहराचा उजेड पूर्वेला राहतो, आणि कन्या रास उगवते नेमकी पूर्वेलाच. म्हणून संध्याकाळी घाई करू नका, रास त्या उजेडातून वर निघू द्या. बागेत दुर्बीण लावणार असाल तर मालकांना आधी विचारा आणि पाण्याची वेळ कधी आहे तेही विचारून घ्या.

फट नसेल तर तरंगलांबीची मोजपट्टी जवळच्या ताऱ्यावरून करायची. यासाठी उत्तरा फाल्गुनीचा ठळक तारा उत्तम. तो ए वर्गाचा आहे, हायड्रोजनच्या शोषणरेषा त्यात ठसठशीत दिसतात. त्या रेषा कुठल्या पिक्सेलवर पडतात ते मोजा, मग जाळीला हात न लावता क्वेसारकडे वळा. ५ मिनिटांची १० ते १२ चित्रं घ्या. एकच लांब चित्र घेऊ नका, उपग्रह गेला किंवा वारा आला तर सगळंच वाया जातं.

वर्णपटात काय दिसतं? एच-बीटा ५६२९ वर, एच-गॅमा ५०२६ वर, एच-डेल्टा ४७५० वर. भागाकार करून बघा: ५६२९ ला ४८६१.३ नं भागलं तर १.१५८; ५०२६ ला ४३४०.५ नं भागलं तर १.१५८, ४७५० ला ४१०१.७ नं भागलं तरी १.१५८. पहिल्यांदा हे तीन भागाकार जुळताना बघणाऱ्याचा चेहरा मला फार आवडतो. १९६३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ मार्टिन श्मिटना या ओळखू न येणाऱ्या रेषांत हायड्रोजनची ओळीतली चाल दिसली, आणि तारा वाटणारी वस्तू अब्जावधी प्रकाशवर्षं दूर आहे हे कळलं. ३सी २७३ चं अंतर सुमारे २.४ अब्ज प्रकाशवर्षं आहे.

एच-अल्फा मात्र इथे फसवते. तिची जागा येते ७६०० वर, आणि नेमका तिथेच पृथ्वीच्या हवेतला ऑक्सिजन प्रकाश गिळतो. त्यामुळे शिखराच्या मध्यावर खाच पडते आणि मध्य चुकीचा निघतो. हवेचे असे पट्टे ६८७० आणि ७६०० वर कायमचे आहेत, ते वहीत वेगळ्या शाईनं लिहून ठेवा.

आकाश वजा करणं

खरी अंधुक दीर्घिका घेतली की कच्च्या चित्रात आधी आकाशच दिसतं. अमावास्येच्या उत्तम आकाशातही दर चौरस कोनीय सेकंदाला २१-२२ प्रतीचा उजेड असतो. २१ प्रतीची दीर्घिका फटीत धरली तर तिच्याइतकाच प्रकाश रिकाम्या आकाशाचा येतो. शहराजवळ पाऱ्याच्या दिव्यांच्या ४३५८ आणि ५४६१ च्या रेषा, सोडियम दिव्यांची ५८९० च्या आसपासची गर्दी आणि एलईडीचा सलग उजेड यांची भर पडते.

क्रम असा ठेवा. आधी बायस (शून्य सेकंदांचं चित्र) आणि डार्क (झाकण लावून घेतलेलं चित्र) वजा करा, मग फ्लॅटनं (एकसारख्या उजेडाच्या चित्रानं) भागा. त्यानंतर चित्रांचा मध्यक घेऊन वैश्विक किरणांचे ठिपके काढा. एका चित्रात आलेला टोकदार ठिपका दुसऱ्यात नसतो. मग फटीच्या लांबीवर दीर्घिकेच्या दोन्ही बाजूंचं रिकामं आकाश मोजून ते मधल्या पट्ट्यातून वजा करा. दोन्ही बाजूंचं घ्या, आणि दीर्घिकेच्या कडेपासून पुरेसं लांबचं घ्या; जवळचं घेतलं तर दीर्घिकेचाच प्रकाश वजा होतो. वजाबाकीनंतर ५५७७ आणि ६३०० वर, म्हणजे आकाशाच्या ठळक रेषांच्या जागी, ओरखडे राहतात. नवशिक्यांना हमखास तिथे 'रेषा' सापडते, म्हणून आकाशाचा वर्णपट नेहमी खाली वेगळा काढून ठेवा आणि वरच्या प्रत्येक शिखराखाली आकाशाची रेषा आहे का ते बघा.

पण हेच आकाश मोजपट्टीही देतं. एकदा मी एनजीसी ४१५१ चा वर्णपट घेतला. सप्तर्षींच्या शेपटीखालची ही दीर्घिका फट असलेल्या लहान स्पेक्ट्रोग्राफला छान सापडते. मोजपट्टीचा दिवा, म्हणजे ज्याच्या रेषांच्या जागा माहीत असतात तो, मी संध्याकाळी एकदाच लावून नोंद घेतली होती, पुन्हा लावला नाही. रात्रीत दुर्बीण पूर्वेकडून पश्चिमेकडे कलली, स्पेक्ट्रोग्राफ स्वतःच्या वजनानं किंचित वाकला. रेडशिफ्ट आला ०.००४१. खरा आहे ०.००३३. सगळ्या रेषा एकमेकींशी जुळत होत्या, म्हणून मी दोन दिवस त्याच आकड्यावर अडून बसलो. शेवटी आकाशाच्या पट्टीत बघितलं तर वातावरणातल्या ऑक्सिजनची ५५७७.३ ची हिरवी रेषा ५५८१ वर बसली होती. सगळी मोजपट्टीच ४ अँगस्ट्रॉम सरकलेली. तितकं मागे नेलं आणि उत्तर जागेवर आलं. तेव्हापासून दिवा प्रत्येक लक्ष्याच्या आधी आणि नंतर, आणि ५५७७ ची नोंद प्रत्येक चित्रात.

याच दीर्घिकेत आणखी एक चकवा आहे. तिची एच-अल्फा सरकून ६५८४ च्या पुढे जाते, म्हणजे न सरकलेल्या नायट्रोजनच्या जवळपास त्याच जागी. यादीवर नजर टाकून सर्वांत जवळचं नाव चिकटवणाऱ्याला इथे रेडशिफ्ट शून्य मिळतो.

आकडा लिहिताना

प्रत्येक रेषेचं शिखर नजरेनं न ठरवता गाउसचा घंटेच्या आकाराचा वक्र बसवून मध्य काढा. प्रत्येकीवरून वेगळा रेडशिफ्ट काढा, सरासरी घ्या, आणि आकड्यांची आपापसांतली पसरण हीच तुमची त्रुटी म्हणून लिहा. ६००० च्या आसपास १ अँगस्ट्रॉमची चूक म्हणजे सेकंदाला ५० किमी. पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या फेरीमुळे सेकंदाला ३० किमीपर्यंत फरक पडतो. लांबच्या दीर्घिकेत तो जाणवत नाही, जवळच्या दीर्घिकेत दुरुस्त करा.

शोषणरेषांच्या दीर्घिकेत एकेक रेषा धूसर असते, तेव्हा पूर्ण वर्णपट एखाद्या नमुना वर्णपटाशी सरकवून-सरकवून ताडतात. कुठल्या सरकण्याला जुळणी सर्वांत चांगली, तो रेडशिफ्ट. टोन्री आणि डेव्हिस यांनी १९७९ मध्ये मांडलेली ही रीत आजही वापरात आहे. जुळणीचं शिखर एकच उंच असेल तर ठीक. दोन सारख्या उंचीची असतील तर पुन्हा के आणि एच, जी-पट्टा, मॅग्नेशियम डोळ्यांनी शोधा.

झेड ०.०२३ च्या आसपास आला तर अंतरासाठी सेकंदाला ६९०० किमी या वेगाला ७० नं (हा हबलचा स्थिरांक, दर मेगापार्सेक अंतरामागे वाढणारा वेग) भागा: सुमारे ९९ मेगापार्सेक, म्हणजे ३२ कोटी प्रकाशवर्षं. केशसंभारातल्या कोमा दीर्घिकासमूहाचा हा आकडा आहे. मोठ्या रेडशिफ्टला हा भागाकार लावू नका, तिथे विश्वाच्या प्रसरणाचं पूर्ण गणित लागतं आणि ते ॲस्ट्रोपाय करून देतं.

आणि उत्तर उणे आलं तर वर्णपट फेकून देऊ नका. आधी ५५७७ तपासा, मग हवा-निर्वात तपासा. दोन्ही ठीक असतील तर दीर्घिकेचं नाव बघा. खगोलशास्त्रज्ञ स्लायफरनी १९१२ मध्ये देवयानी दीर्घिकेचा वेग पहिल्यांदा मोजला तेव्हा ती सेकंदाला ३०० किमीनं आपल्याकडे येताना दिसली होती. कन्या समूहातली एम ८६ सुद्धा सेकंदाला सुमारे २४० किमीनं आपल्याकडेच येते आहे. तिच्या सोडियमच्या रेषा ५८९३ ऐवजी ५८८८ वर शोधा.